जुनी पिकअप घेऊन हौद्यात अवजारांची पेटी बसवायची आहे: आधी काय पाहावे?

मोटारवाइंडर_म्हसरूळ

नमस्कार मंडळी. माझे मोटार रिवाइंडिंगचे आणि ठिबक जोडणीचे काम आहे. दुकान म्हसरूळला असले तरी निम्मे काम दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या मळ्यांवरच चालते. आजवर अवजारे मोटारसायकलवर आणि जड सामान भाड्याच्या गाडीने नेत आलो आहे. द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून बोलावणे येते आणि भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, त्यामुळे स्वतःची जुनी पिकअप घेण्याचे ठरवले आहे.

साडेतीन ते चार लाखांत तीन गाड्या समोर आहेत. पहिली २०१३ची बोलेरो पिकअप, पिंपळगावच्या एका भाजी व्यापाऱ्याकडची. तिला नुकताच रंग दिलेला आहे आणि किंमत सर्वांत कमी आहे. दुसरी २०१६ची बोलेरो कॅम्पर, सिन्नरच्या एका ठेकेदाराकडची. तिसरी २०११ची दुहेरी केबिनची झेनॉन. ती खासगी नोंदणीची असून दिसायला उत्तम आहे.

गाडी घेतल्यावर हौद्यात कुलूपबंद पेटी कायमची बसवायची आहे. तिच्यात चेन पुली, पाने, मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र), क्रिम्पिंगची अवजारे, तांब्याच्या तारेची रिळे आणि ठिबकचे जोड राहतील. तांब्याची तार उघड्यावर ठेवता येत नाही, हे येथे सांगायला नको. गाडी निवडताना काय पाहावे, आणि पेटी कशाची, कुठे व कशी बसवावी, याबद्दल अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

टोमॅटो_हंगाम

व्यापाऱ्याची गाडी असेल तर रंगाकडे पाहू नका, पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजा. हंगामात आमच्याकडून रात्री निघालेल्या गाड्या कसारा घाट उतरून पहाटे वाशीला पोहोचतात आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ठरलेल्या वजनापेक्षा पुष्कळ जास्त क्रेट असतात. मूळ पाट्यांच्या संचात वरून एखाद-दुसरा जादा पाटा टाकलेला दिसला, तर त्या गाडीने आयुष्यभर काय सोसले आहे, ते विक्रेत्याला विचारण्याची गरज उरत नाही.

आडगावनाका_गॅरेज

टोमॅटो_हंगाम यांनी बरोबर जागी बोट ठेवले आहे. त्याच मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण जुनी पिकअप घेणारे बहुतेक लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, गाडी एक फेरी मारून आणतात आणि सौदा करून मोकळे होतात. इंजिन पैसे खर्च करून दुरुस्त करता येते. वाकलेली किंवा जोड दिलेली चासी मात्र कितीही पैसे घातले तरी मूळची होत नाही. म्हणून आधी गाडीखाली जावे. मागच्या पाट्यांचे हँगर ज्या जागी चासीला जोडलेले असतात, त्या जागी वेल्डिंगचा नवा थर, भरीची पट्टी किंवा आजूबाजूच्या रंगाशी न जुळणारा काळा रंग दिसतो का, ते पाहावे. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना वर आणि खाली सारखी आहे का, हे सपाट जागेवर गाडी उभी करून तपासावे. ती फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर चासी बसली असण्याची शक्यता असते किंवा हौद्याच्या खालची रबरे आणि लाकडे तरी गेलेली असतात. यांतले नेमके काय ते उघडून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

जादा पाट्यांबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. काही पिकअपच्या मागच्या ब्रेकच्या नळीत, हौदा किती दबला आहे त्यानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी मागच्या धुरीला (अ‍ॅक्सलला) जोडलेली असते. जादा पाटे टाकले की भरलेली गाडीसुद्धा पुरेशी दबत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागच्या चाकांना कमी ब्रेक देतो. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो, आणि घाटात नेमके तेच नको असते. तुम्ही घेणार असलेल्या गाडीत असा व्हॉल्व्ह असला, तर त्याची दांडी जागेवर आहे का, कोणी तारेने बांधून ठेवली आहे का, हे अवश्य पाहा.

आता इंजिन. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, आणि पोहोचल्यावर सर्वांत आधी बॉनेटला हात लावून ते गार असल्याची खात्री करा. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचलले पाहिजे. सुरू झाल्यावर ऑइलचे झाकण उघडून पाहा. तिथून धूर फुसफुसत, दाबाने बाहेर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टन-रिंगा थकल्या आहेत. एक्सलेटर दाबताच क्षणभर येणारा काळा धूर जुन्या डिझेल गाडीत फारसा चिंतेचा नाही. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असे दोन्ही दिसले, तर तिथून परत फिरावे. क्राऊनचे (मागच्या धुरीतल्या गिअरचे) तेल थोडे काढून उजेडात पाहा. त्यात चमकणारा चुरा दिसला, तर चालवताना येणारा घुंईऽऽ आवाज टायरचा नव्हता, हे समजते.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१९’ असे असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शिल्लक असली तरी जुना, तडकलेला टायर बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा.

विदुला_अंबड

गाडीबद्दल वरच्या प्रतिसादात नेमके लिहिले गेले आहे, त्यामुळे मी पेटीबद्दल लिहिते. अंबडला पत्राकामाच्या कारखान्यात डिझाइन विभागात असल्यामुळे या विषयात मला विशेष रस आहे.

पेटीचे वजन आधी कागदावर काढा, कारण लोक सुरक्षिततेच्या नावाखाली इतका जाड पत्रा वापरतात की रिकामी पेटीच दोन माणसांना उचलत नाही. समजा तुमची पेटी दीड मीटर लांब, पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच आहे. तिचा सगळ्या बाजूंचा मिळून पत्रा सुमारे ३.१ चौरस मीटर भरतो. दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला १५.७ किलो असते, म्हणजे पेटी ४९ किलोच्या आसपास जाईल. १.६ मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला बाजारात सोळा गेज म्हणतात तो पत्रा घेतला तर ३९ किलो होतात. तीन मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमची तीच पेटी २५ किलोंत बसते. यात आतली पट्टी, बिजागऱ्या आणि कुलूप धरलेले नाही. माझे मत असे, की सोळा गेजचा पत्रा घ्यावा, कडा दुमडून घ्याव्यात आणि तळाला मात्र दोन मिलिमीटरचा पत्रा किंवा खालून दोन आडव्या चॅनेल द्याव्यात. ताठपणा येतो तो दुमडीमुळे आणि खालच्या चॅनेलमुळे. नुसत्या जाडीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

झाकणाची कड चारही बाजूंनी किमान २५ मिलिमीटर खाली वळलेली असावी आणि आत गाडीच्या दरवाजाला लावतात तसे पोकळ रबर बसवावे. फक्त वरून पट्टी ठेवलेले झाकण पाऊस अडवते, पण धूळ अडवत नाही. चालत्या गाडीच्या केबिनमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि कच्च्या रस्त्याची बारीक माती फटीतून आत ओढली जाते. तुमच्या मेगरला आणि बेअरिंगांना तीच घातक आहे.

बिजागरी लांब पियानो पद्धतीची घ्या आणि तिची पिन झाकण बंद असताना बाहेरून दिसणार नाही अशा बाजूला ठेवा. कुलूप कितीही भारी असले तरी बाहेर राहिलेली पिन एका छिन्नीने निघते.

पत्रा_आणि_पट्टी

ताईंचे गणित योग्य आहे. परंतु कायमची पेटी म्हणजे हौद्याला वेल्डिंग, असे माझे स्पष्ट मत आहे. सातपूरला आमचे फॅब्रिकेशनचे काम आहे आणि बोल्टने बसवलेल्या पेट्या कच्च्या रस्त्यावर सैल होऊन आवाज करू लागल्यामुळे परत आलेल्या पाहिल्या आहेत. चारही कोपऱ्यांना वेल्डिंग मारले की चोराला पेटी उचलून नेता येत नाही आणि मालकाला पुन्हा पाना हातात घ्यावा लागत नाही.

आडगावनाका_गॅरेज

पत्रा_आणि_पट्टी, तुमच्या कामाबद्दल आदर राखून मी याच्याशी असहमत आहे. हौद्याचा तळ हा नालीदार पातळ पत्रा असतो आणि त्याला खालून आडव्या चॅनेल दिलेल्या असतात. वेल्डिंग त्या पातळ पत्र्यावर झाले, तर गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला टाक्याच्या कडेचा पत्रा वाकतो आणि शेवटी टाका शाबूत राहून शेजारचा पत्रा फाटतो. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने खालच्या बाजूचा रंग जळतो, त्या जागेला पुन्हा रंग कोणी देत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ या भागांत पावसाळाभर फिरणाऱ्या गाड्यांचे हौदे मी खालून पाहतो. जुन्या वेल्डिंगभोवतीचा पत्रा हाताने तुटतो, अशी त्यांची अवस्था असते.

बोल्ट सैल होतात ते पत्र्यातून आरपार घालून लहान वायसरवर आवळल्यामुळे. पेटीची भोके हौद्याच्या आडव्या चॅनेलवर येतील अशी जुळवून घ्यावीत. जिथे ते शक्य नाही, तिथे पत्र्याखाली पाच मिलिमीटर जाडीची तळहाताएवढी पट्टी द्यावी, दहा किंवा बारा मिलिमीटरचे ८.८ दर्जाचे बोल्ट वापरावेत आणि नायलॉन असलेले नट लावावेत. थोडे दिवस गाडी फिरल्यावर एकदा पुन्हा आवळून घेतले, की ते पुढे सैल होत नाहीत. भोक पाडण्याआधी मात्र खाली डोके घालून डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि दिव्यांची वायर कुठून गेली आहे, ते स्वतः पाहावे. चासीच्या लांब दांड्यांना भोक पाडू नये आणि त्यांना वेल्डिंगही करू नये.

कागद_आधी

बोल्टच्या बाजूने कायद्याचेही एक कारण आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. हौद्याच्या मापाच्या आत राहणारी आणि पान्याने उघडून काढता येणारी पेटी ही एक गोष्ट झाली. हौद्याचा भाग कापून किंवा त्याला जोडून केलेले काम ही वेगळीच गोष्ट आहे. पासिंगच्या वेळी निरीक्षकाने हरकत घेतली, तर बोल्टची पेटी काढून गाडी दाखवता येते. वेल्डिंगच्या पेटीबाबत तो मार्ग उरत नाही.

आता ज्यासाठी हे नाव घेतले आहे, त्या कागदांविषयी. बोलेरो पिकअप आणि कॅम्पर या मालवाहू नोंदणीच्या, पिवळ्या पाटीच्या असणार. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. आठ वर्षांपुढे महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पासिंगचे शुल्क २०२२पासून बरेच वाढलेले आहे, त्यामुळे २०१३ची गाडी स्वस्त वाटत असली तरी तो उंबरठा तिला जवळ आहे, हे भाव करताना धरावे. झेनॉन खासगी नोंदणीची असल्याने तिला दरवर्षीच्या पासिंगची कटकट नाही. मात्र तिची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते, त्यामुळे २०११च्या गाडीची मुदत पुस्तकावर आधी पाहा. त्या गाडीतून भाडे घेऊन दुसऱ्याचा माल नेता येणार नाही, हेही लक्षात असू द्या.

परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून कर कधीपर्यंत भरला आहे, विमा चालू आहे का, दंडाची चलने थकली आहेत का आणि फायनान्सचा बोजा उतरला आहे का, ते पाहावे. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतली असेल, समजा मालेगावची एमएच ४१ असेल, तर तिथल्या ना हरकत दाखल्याचे काय लागते ते आधीच विचारून घ्यावे. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी बसवलेली आहे का, तेही पाहा, कारण तिच्याविना पुढची कामे अडतात.

चासी क्रमांक पुस्तकावरून वाचून चासीवर प्रत्यक्ष हाताने चाचपून घ्यावा. एजंटाने मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये.

गोदातीर

विक्रेत्यांच्या बाजूनेही एक वाक्य लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव असेल तोच मालक धरला जातो आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. त्यामुळे ‘नाव नंतर करू’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाला आपली जुनी गाडी कोणीही देऊ नये.

बागाईतदार_निफाड

विदुलाताईंनी अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीचा उल्लेख केला आहे, त्याविषयी आमच्या भागातला एक महत्त्वाचा मुद्दा मांडतो. द्राक्षाच्या मळ्यात फिरणारी गाडी म्हटली की तिच्यात आज ना उद्या मोरचूद, गंधक किंवा विद्राव्य खतांची पोती येणार. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठीचे मोरचूद आम्ही प्लास्टिकच्याच पिंपात भिजवतो, कारण लोखंडाच्या भांड्यात तांबे लोखंडावर चढते आणि भांडे खाल्ले जाते. अ‍ॅल्युमिनियमचे तर त्याहून वाईट होते. मोरचुदाची ओली पिशवी अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत महिनाभर राहिली, तर तळाला खड्डे पडतात. त्यामुळे आमच्याकडे काम करणाऱ्याने लोखंडी, चांगला प्रायमर आणि रंग दिलेली पेटी घ्यावी, असे माझे मत आहे.

याचाच उपयोग गाडी पाहतानाही करा. हौद्याच्या कोपऱ्यांत, फाळक्याच्या बिजागरीखाली आणि नालीदार तळाच्या सांध्यांत हिरवट-निळा थर किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर गाडीने खते-औषधे वाहिली आहेत. अशा हौद्याला वरून रंग दिलेला असला तरी पेचकसाच्या टोकाने टोचून पाहा. युरियाचे पोते फाटून पावसात भिजले की त्याचे पाणी या सांध्यांत जाऊन बसते, आणि नुसत्या धुण्याने ते निघत नाही.

विदुला_अंबड

बागाईतदार, हा मुद्दा माझ्या लिहिण्यात आला नव्हता आणि तो फार मोलाचा आहे. त्याला जोडून लिहिते. अ‍ॅल्युमिनियमची पेटी थेट लोखंडी हौद्यावर टेकली आणि मध्ये पाणी साचले, तर औषधाविनाही दोन धातूंच्या जोडीमुळे अ‍ॅल्युमिनियम झिजते. पेटी कोणत्याही धातूची असो, तिच्याखाली सहा मिलिमीटरच्या रबराच्या पट्ट्या द्याव्यात. पूर्ण चटई मात्र अंथरू नये. चटईखाली ओल धरून राहते, तर पट्ट्यांमधून पाणी वाहून जाते. पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला जस्तयुक्त प्रायमर लावूनच बोल्ट घालावा.

चाकाखालची_वाट

मला मूळ प्रश्नाबद्दलच शंका आहे. पेटीसह दोनशे-अडीचशे किलो सामान न्यायचे असेल, तर पिकअप कशाला हवी? लहान चारचाकी टेम्पो कमी डिझेल खातो, गल्लीत वळतो आणि त्याच किमतीत पुष्कळ नवा मिळतो. जुन्या पिकअपवर दुरुस्तीचा जो खर्च होईल, त्यात त्याचे हप्ते फिटतील. पोराने हट्ट धरला म्हणून गाडी घेऊ नये, कामाचे वजन पाहून घ्यावी.

मोटारवाइंडर_म्हसरूळ

चाकाखालची_वाट, आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. नेहमीचे सामान अडीचशे किलोच असते. परंतु विहिरीतून काढलेली साडेसात अश्वशक्तीची मोटार-पंपाची जोडी, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि सोबत दोन माणसे असा प्रसंग आठवड्यातून येतो, आणि पावसाळ्यात मळ्यापर्यंतचा शेवटचा रस्ता काळ्या मातीचा असतो. लहान टेम्पोच्या लहान चाकांनी त्या चिखलात काय होते, ते मी भाड्याच्या गाड्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

येथे मला आणखी एक अडचण मांडायची आहे. पीव्हीसी पाइप सहा मीटरचा, म्हणजे वीस फुटी येतो. आठ-नऊ फुटांच्या हौद्यात केबिनच्या मागे आडवी पेटी ठेवली तर उरलेली लांबी आणखी कमी होते. पेटी आडवी ठेवावी की एका बाजूने उभी, लांबट?

पत्रा_आणि_पट्टी

पाइप हौद्यात तिरके टाकून मागे लोंबत ठेवण्याचा विचारही करू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४(१अ) खाली गाडीच्या मापाबाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ते पाइप दिसत नाहीत. केबिनवरून जाणारा स्टँड केला तरी सहा मीटरचा पाइप पुढे किंवा मागे बाहेर येणारच. तीन-तीन मीटरचे तुकडे करून जागेवर सॉकेटने जोडावेत, किंवा पूर्ण पाइप दुकानदाराकडून थेट मळ्यावर पोहोचवून घ्यावेत. आमच्याकडे स्टँडची मागणी घेऊन येणाऱ्यांना मी हेच सांगतो, मग काम हातचे गेले तरी चालेल.

पेटीबद्दल लिहायचे तर पंपाची जोडी आणि नळ्यांची वेटोळी ठेवायला तळाची लांबी हवी असते, म्हणून तुमच्या कामाला लांबट पेटी बरी. ती डाव्या बाजूला ठेवा. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे वजनाचा थोडा तोल साधतो. शिवाय महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून अवजार काढताना तुम्ही धावत्या रस्त्याच्या विरुद्ध बाजूला उभे असाल. ओझर ते पिंपळगाव या पट्ट्यात कधी काम केले असेल, तर याचे महत्त्व लगेच पटेल.

आणि आडगावनाका यांनी पातळ पत्र्याबद्दल जे लिहिले, त्यावर मी विचार केला. तळ जाड चेकर प्लेटचा (उठावदार नक्षीच्या पत्र्याचा) करून घेतलेला हौदा असेल तर माझे वेल्डिंग टिकते. कंपनीच्या मूळ नालीदार तळावर मात्र तुमची पट्टी-बोल्टची पद्धत अधिक चांगली आहे.

आडगावनाका_गॅरेज

आपण हे मोकळेपणाने लिहिले, त्याबद्दल आभार. चेकर प्लेटच्या तळाबाबत मीही सहमत आहे. तिथे वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. कॉमन रेल इंजिनाच्या गाडीचा संगणक अशाच वेळी जातो.

लांबट पेटीबद्दल एक सूचना. सगळ्यांत जड वस्तू, म्हणजे चेन पुली आणि तारेची रिळे, पेटीच्या पुढच्या टोकाला, केबिनच्या बाजूला ठेवाव्यात. मागच्या धुरीच्या पलीकडे वजन गेले की पुढची चाके हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग नीट धरत नाही. रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावर मागून घसरते, हे चालवणाऱ्यांना माहीत आहेच. योग्य जागी ठेवलेले हे कायमचे वजन त्या दृष्टीने उपयोगीच पडेल.

सावली_नाशिकरोड

माझे यजमान वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतात आणि त्यांच्या पिकअपला अशीच पेटी आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. गॅसचे सिलिंडर, पाइप चिकटवण्याचे सोल्युशन आणि जुनी बॅटरी यांना बंद पेटीत कधीही ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या बंद पेटीत त्यांची वाफ साचते, आणि झाकण उघडल्यावर एखादी ठिणगी पुरते. यांच्यासाठी हौद्यात जाळीची वेगळी, उघडी चौकट आहे.

दुसरी गोष्ट विम्याची. गाडीच्या विम्यात आतली अवजारे येत नाहीत, त्यांचा विमा वेगळा काढावा लागतो. मालवाहू गाडी तशीच उभी राहून फक्त तिला बसवलेली वस्तू चोरीला गेली, तर नेहमीच्या पॉलिसीत त्याची भरपाई मिळत नाही, असे आम्हाला विमा प्रतिनिधीने पॉलिसीचे कलम दाखवून सांगितले होते.

कागद_आधी

सावलीताईंनी दिलेली माहिती अचूक आहे. त्यात एवढीच भर घालतो, की गाडी नावावर होताच कलम १५७ प्रमाणे चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यावा आणि त्याच वेळी पेटी बसवणार असल्याचे लेखी कळवावे. आधीच्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. पेटीमुळे मागचे दिवे, क्रमांकाची पाटी आणि परावर्तक पट्ट्या झाकल्या जाणार नाहीत, हे फॅब्रिकेटरला आधीच सांगून ठेवा.

मोटारवाइंडर_म्हसरूळ

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेतले मुद्दे वहीत उतरवून, ओळखीच्या मिस्त्रींना सोबत घेऊन तिन्ही गाड्या पाहून आलो.

पिंपळगावच्या गाडीला मागे जादा पाटे निघाले आणि हँगरजवळ ताजा काळा रंग होता. फाळक्याच्या बिजागरीखाली पेचकस सहज आत गेला. झेनॉनची चासी उत्तम आहे आणि इंजिनही समाधानकारक वाटले. पण तिचा हौदा आखूड आहे, लांबट पेटी ठेवल्यावर पंपाची जोडी आडवी बसत नाही, हे टेपने मोजून पाहिले. शिवाय नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च डोक्यावर आहे. सिन्नरच्या कॅम्परला दुसऱ्या सेल्फला सुरुवात मिळाली, झाकणातून धूर नाही, क्राऊनचे तेल स्वच्छ आहे. क्लच वर धरतो आहे, म्हणजे प्लेट लवकर बदलावी लागेल, आणि पुढचे दोन टायर जुने आहेत. फायनान्सचा बोजा उतरलेला आहे, पासिंगला अजून काही महिने बाकी आहेत. हौद्याच्या तळाला कुठेही जोड नाही. दुहेरी केबिनमुळे तिचाही हौदा पिकअपपेक्षा लहान आहे, परंतु पंपाची जोडी आणि पेटी दोन्ही बसतात, आणि दोन माणसांना हौद्यात बसवून नेण्याचा प्रश्न उरत नाही. क्लच आणि टायरचा खर्च वजा करून भाव ठरवला आहे. नाव बदलण्याचा अर्ज दाखल झाल्यावरच उरलेली रक्कम द्यायची, हे विक्रेत्याने मान्य केले आहे.

पेटीसाठी सोळा गेजचा पत्रा, तळाला चॅनेल, डाव्या बाजूला लांबट आणि बोल्टने बसवलेली, असे नक्की केले आहे. आता एकच गोष्ट विचारायची राहिली. तळाला पाणी निघण्यासाठी भोके ठेवावीत, की त्यातूनच धूळ आणि पाणी आत येईल?

विदुला_अंबड

भोके ठेवावीत, अवश्य. कितीही चांगले रबर लावले तरी आत दमट हवा जाते आणि रात्री गार पडल्यावर तिचे पाणी होते, ते बाहेर जायला वाट हवी. मागच्या दोन कोपऱ्यांत आठ मिलिमीटरचे एकेक भोक पुरेसे आहे. त्याला खालून मागच्या दिशेला वाकवलेली रबरी नळी लावा, म्हणजे चाकाने उडवलेला चिखल आत येणार नाही. आत तळाला लाकडी फळीऐवजी छिद्रांची प्लास्टिकची जाळी टाका, आणि मेगर स्वतंत्र हवाबंद डब्यात ठेवा.

पत्रा_आणि_पट्टी

कॅम्परच्या चाकावरचा उंचवटा पेटीच्या तळाला लागेल. माप घेताना तेवढा भाग वगळून तळाला पायरी द्यायला सांगा, आणि माप कागदावरून न देता गाडीच फॅब्रिकेटरकडे घेऊन जा.

मोटारवाइंडर_म्हसरूळ

उंचवट्याचे माझ्या लक्षात आले नव्हते. गाडी नावावर झाली की माप घ्यायला सातपूरलाच घेऊन येतो, दादा.